परतीचा कागद

चारुताईचं पत्र आलं तेव्हा भय्यासाहेब पोतनिसांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि एका जाडजूड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं तेव्हा त्यांनी ठरवलं. तो उद्या कार्तिकातला होता. आता होळी होऊन गेली होती.

पत्रात तसं वावगं काही नव्हतं. पुण्याहून थोरल्या बहिणीने लिहिलं होतं, "भय्या, सुलभा गेल्यापासून तू त्या खोलीत पुस्तकं चाळत बसतोस. तुझा विक्रांत दिवसभर बँकेत, सून केतकी चारपर्यंत शाळेत शिकवायला. माझा अपूर्व वेगळा राहायला गेल्यापासून त्याची खोली रिकामी पडली आहे. इकडेच ये राहायला. दोघं म्हातारी मिळून भांडू. होय की नाही ते कळव, म्हणजे खोली आवरायला घेते."

होय की नाही, एवढंच कळवायचं होतं. पण सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेल्या माणसाला एवढ्याशा उत्तरालाही चार बाजू दिसतात. हो लिहावं, तर मुलगा-सून म्हणणार, यांना आपलं घर नकोसं झालं. नाही लिहावं, तर ताईच्या मनाला लागणार. आणि या सगळ्याच्या तळाशी एक शंका बसली होती. केतकी चारपर्यंत शाळेत असते, हे ताईला कुणी सांगितलं? अक्षर ताईचं खरं, पण बोलविता धनी दुसराच कुणी तर नाही? ताईला ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर विचारायची सोय नव्हती. असती तरी त्यांनी विचारलं नसतं. विचारायचं म्हटलं की भय्यासाहेबांची जीभ टाळूला चिकटायची.

अशात ताईच्या सहस्रचंद्रदर्शनाचं बोलावणं आलं. रंगपंचमी झाली की लगेच पुण्यात सोहळा. मार्चमध्ये बँकवाल्याला रजा कुठली, आणि केतकीच्या शाळेत परीक्षा. म्हणजे भय्यासाहेबांनी एकट्यानेच जायचं.

एका संध्याकाळी विक्रांत आला तो आपला जुना स्मार्टफोन पुसूनपासून घेऊनच.

"बाबा, तिकीट झालं. इंदूरहून थेट पुणे. गाडीने इंदूरच्या एअरपोर्टपर्यंत मी सोडतो, तिकडे अपूर्व येईल."

"तिकीट कुठंय?"

"यात. आता हा फोन तुमचा."

"आणि तो बोर्डिंग पास? काउंटरवर देतात ना?"

"देत होते. ही कंपनी आता कागदी पास बंद करतेय. त्याचा फोटो फोनमध्ये येतो, तोच दाखवायचा. चेक-इन उघडलं की मी टाकून देतो."

केतकी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाबांचा विश्वास नाही बसायचा. चुरगाळता आलं तरच यांचं तिकीट खरं."

भय्यासाहेब कसनुसं हसले. ती म्हणाली ते खोटं नव्हतं. पत्नी सुलभाबरोबर ते एकदाच विमानात बसले होते. त्या पासांच्या फाडलेल्या अर्ध्या चिठ्ठ्या अजून त्यांच्या पुस्तकांत खुणेला होत्या. त्यांवर तिचं नाव छापलेलं होतं. फोनमधल्या पासाची खूण कुठल्या पानात घालणार?

पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आणि परतीचं?"

विक्रांतने केतकीकडे पाहिलं, केतकीने पोळपाटाकडे.

"परतीचा पास आत्ताच नाही निघत, बाबा. एक-दोन दिवस आधी निघतो."

उत्तर बिनतोड होतं. पण ते देण्याआधी या दोघांनी एकमेकांना काय विचारलं, तेवढं भय्यासाहेबांना कळलं नाही. आणि जे कळलं नाही तेच डोक्यात घोळत राहिलं.

संशय असा एकदा घरात शिरला की त्याला बसायला पाट कुणी द्यावा लागत नाही. केतकी टेप घेऊन त्यांच्या खोलीची भिंत मोजताना दिसली. "कशाला गं?" विचारल्यावर म्हणाली, "काही नाही, उगीच." मग बॅग भरताना तिने औषधांच्या सगळ्या पट्ट्या आत घातल्या, स्वेटरही घातला. चैत्राच्या तोंडावर स्वेटर? तो फोन तर आणखी संशयी होता. हातात घेतला की आपोआप उजळायचा आणि विचारायचा, तुमचं ठिकाण जाणून घ्यायची परवानगी आहे का? भय्यासाहेबांनी प्रत्येक वेळी 'नाही'वर बोट ठेवलं. आपण कुठे आहोत हे कुणाला हवंय, आणि कशासाठी?

पूर्वी बरं होतं, त्यांना वाटलं. रेल्वेची जायची-यायची तिकिटं हातात पडत. माणसाला घालवायचंय की परत आणायचंय, हे दिसत असे. आता सगळं काचेआड. ज्याला काच वाचता येते, त्याच्या मनात असेल ते खरं. लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोटच्या पोराबद्दल असं? कदाचित आपलंच डोकं पुस्तकं वाचून वाचून सडलं असेल. पण लाज वाटली म्हणून शंका काही गेली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी विक्रांतने सकाळीच पास फोनमध्ये टाकला आणि तो बँकेत गेला. केतकीही शाळेत गेली. मग भय्यासाहेब ई-रिक्षात बसून शहरातल्या देवास गेटला गेले. बस स्टँडसमोर झेरॉक्सची दुकानं आहेत. त्यांतल्या गर्दी नसलेल्या दुकानाशी ते थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. शेवटी दुकानदारानेच हाक मारली.

"क्या करवाना है, बाबूजी?"

"इसका कागज निकाल दो."

दुकानदाराने फोन पाहिला. "प्रिंट का क्या करोगे? गेट पे तो मोबाइल ही मांगेंगे."

"भगवान के सामने रखना है."

हे अर्धं खरं होतं. पोतनिसांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते. कामगिरीवर निघताना हुकमाचा कागद आदल्या दिवशी देवापुढे ठेवायचा आणि त्याला कुंकवाचं बोट लावायचं, ही त्यांची रीत. पुढे हुकूम गेले, रेल्वेची तिकिटं आली, बसची आली. बोट लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही, हे मात्र तसंच राहिलं.

"ये सही है," दुकानदार हसला. "मोबाइल को टीका लगाओगे तो टच ही बंद हो जाएगा." यंत्रातून कागद निघाला. कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता.

उरलेलं अर्धं खरं आता बोलायचं होतं. भय्यासाहेबांनी दोनदा घसा साफ केला. "इसमें वापसी का कुछ दिखता है?"

दुकानदाराने पासावर बोट फिरवलं, खालचं तिकीट उघडलं, पुन्हा वर आला. "नहीं बाबूजी. जाने का ही है. वापसी की तो बुकिंग ही नहीं है."

"पक्का?"

"लो, खुद देख लो ना."

भय्यासाहेबांनी पाहिलं. इंदूर ते पुणे. त्याखाली काही नव्हतं.

म्हणजे पास नंतर निघतो ही नुसती सारवासारव होती. तिकीटच काढलेलं नव्हतं. येताना त्यांना घराजवळच्या नानाखेड्याला उतरायचं भानच राहिलं नाही. रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा ते चौकापुढे गेले होते. मागे चालत येताना त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली. विक्रांत, मला स्पष्ट सांग. विक्रांत, मी काही लहान मूल नाही. घराचं दार दिसेपर्यंत एकही वाक्य उरलं नाही. भिंत मोजली ती याचसाठी. खोलीत कपाटं येतील, नाहीतर भाडेकरू. आणि ताई तिकडे खोली आवरून बसली असेल.

संध्याकाळी ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. फक्त कागद देवापुढे ठेवला, कुंकू पाण्यात कालवलं आणि बोट टेकलं. कागदावर मोकळी जागा पुष्कळ होती. पण पूर्वी तिकिटावर शिक्का असे तिथे बोट लावत, म्हणून त्यांनी शिक्क्यासारखा दिसणारा तो चौकोनच निवडला.

सकाळी दिवा लावायला गेलेली केतकी तो कागद घेऊनच बाहेर आली.

"बाबा, हा कुठून आणलात?"

"देवास गेटहून."

"आणि या चौकोनावर कुंकू? अहो, यंत्र हाच तर वाचतं. आता हा पास फक्त देवालाच चालेल." ती हसत होती, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. "पास फोनमध्ये होता की. एवढ्या उन्हात कशाला गेलात?"

भय्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "परतीचं तिकीट नाहीये."

केतकीने मोरीकडे पाहिलं. अर्ध्या गालाला दाढीचा फेस असलेला विक्रांत मोरीच्या दारात येऊन उभा राहिला.

"नाहीये," तो म्हणाला.

"मग खोटं का बोललास?"

"खोटं नाही बोललो. अर्धं बोललो. तुमच्याकडूनच शिकलोय." त्याने टॉवेलने गाल पुसला. "आत्याने मला सांगितलं, परतीचं काढू नको. मी भय्याला राहायला ये म्हणून लिहिलंय, त्याने ना हो कळवलं, ना नाही. मग काय समजायचं? नाही असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं. मला वाटलं, तुम्हाला मनातून जायचंय आणि आम्हाला सांगायचा संकोच होतोय."

"आणि तू जाऊ देणार होतास?"

"धरून ठेवू? पुस्तकातून डोकं काढून कधी म्हणालात की इथे बरं वाटतं?"

"तेव्हापासून याचं जेवणात लक्ष नाही," केतकी म्हणाली. "मलाही म्हणाला, तू काही बोलली असशील. म्हणजे माझ्यावरच शक."

"माझ्या मनात," भय्यासाहेब अडखळले, "मला वाटलं, तूच ताईला लिहायला सांगितलंस. तू चारला येतेस, हे तिला..."

"आत्या रोज मेसेज करतात मला. ऐंशीव्या वर्षी काय भराभर टाइप करतात. तुमच्याकडे असा फोन नव्हता, म्हणून तुम्हाला पत्र."

"आणि ती भिंत?"

"एसी लावायचाय तुमच्या खोलीत. वैशाखात भट्टी होते तिथे. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

हे खरं होतं, ते नको म्हणाले असते. भय्यासाहेबांनी स्वेटरबद्दलही विचारायचं ठरवलं होतं, पण ते राहू दिलं. कुठेतरी थांबायला हवं होतं.

"मग काय ते सांगा ना, बाबा," विक्रांत म्हणाला. त्याचा आवाज एकाएकी लहानपणीसारखा झाला. "राहायचंय तिकडे?"

 भय्यासाहेब उठून खोलीत गेले. त्यांनी शब्दकोश उघडून ताईचं पत्र समोर घेतलं आणि कागदावर लिहिलं. एरवी एका ओळीचे पाच मसुदे करणाऱ्या माणसाने या वेळी एकही शब्द खोडला नाही. लिहून झाल्यावर बाहेर येऊन कागद त्यांनी विक्रांतच्या हातात दिला आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

"प्रिय ताई, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सोहळ्याला येतो आहे. राहायला मात्र येणार नाही. पाडव्याची गुढी मला इथे माझ्या मुलाच्या दारात उभारायची आहे. इथे मला बरं वाटतं. हे मी इथे कुणाला सांगितलं नाही, म्हणून तुला लिहितो. तुझा भय्या."

विक्रांतने वाचलं.  मग त्याने आपला फोन काढला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि पाडव्याच्या अलीकडचं परतीचं तिकीट काढलं. "बघता?" त्याने विचारलं.

"नको," भय्यासाहेब म्हणाले.

"आत्यांना मी मेसेज करून देते ना," केतकी म्हणाली. "हे पत्र पोचायच्या आधी तर तुम्हीच पोचाल."

"असू दे. पत्राने विचारलं होतं, उत्तर पत्रानेच जाईल. आलं की दोघं मिळून वाचू. भांडायला निमित्त होईल तिला."

दुपारी इंदूरला निघताना त्यांनी नानाखेड्याच्या स्टँडपाशी गाडी थांबवायला लावली. लाल पेटीचं तोंड धुळीने भरलं होतं. ही पेटी उघडते तरी का, अशी शंका त्यांच्या मनात आलीच. त्यांनी पेटीवरची वेळेची पाटी वाचली. मग शेजारच्या पानवाल्याला विचारलं.

"रोज खुलती है, बाबूजी," पानवाला म्हणाला.

भय्यासाहेबांनी पत्र आत सोडलं.