गुणाजीकाकांनी आखलेले डोळे

दुपारच्या निजानिजेत ओटीच्या दाराची कडी वाजली. सानिका नुकती कुठे झोपली होती, म्हणून मी धावतच गेले. दारात गुणाजीकाका, डोक्यावर चादरीत गुंडाळलेली तसबीर. आमच्या वाडीचे सगळे गणपती त्यांच्याच हातचे. म्हणून माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, माझ्या नवऱ्याचं, स्वरूपचं चित्रही त्यांनाच सांगितलं होतं.

काकांनी चादर सोडली. वर्दी हुबेहूब. टोपी, छातीवरच्या फिती, खांद्यावर कॅप्टनचे तारे. नाक स्वरूपचं, हनुवटीवरचा खळगाही त्याचाच. डोळे मात्र गणपतीचे. मोठे, शांत, पापण्या जराशा झुकलेल्या.

स्वरूपचे डोळे एवढेएवढेसे. हसला की डावा पुरता मिटायचा. "साहेब, शत्रू दिसतो तरी काय तुम्हाला?" मी चिडवायचे. सानिका रांगत होती तेव्हा तो सीमेवर गेला, आणि आला तो तिरंग्यात. तिला बाप आठवत नाही. निदान त्याचा चेहरा तिच्या रोजच्या नजरेत राहावा, एवढंच मला हवं होतं.

"काका, डोळे थोडे बारीक कराल?"

"फोटोत बारीकच होते गो. उन्हानं मिटलेत वाटलं, म्हणून मी उघडले. आंघोळ करून, उपाशीपोटी आखलेत. आखलेले डोळे कोण खोडतो काय?"

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. स्वरूप गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव म्हणून घेतलं नव्हतं. ते चित्रासमोर उकिडवे बसले, खांद्यावरच्या पंच्याने वर्दीवरची नसलेली धूळ पुसली.

"आलास काय रे? यंदा मोहोर बरा हाय. खालच्या कलमाला तर पानच दिसत नाय बघ."

बोलतच राहिले. गुणाजीकाका डोळे पुसत पायरी उतरले. मी खाली पडलेली चादर घडी करू लागले.

आवाजाने सानिका उठून आली. तिने चित्र पाहिलं, आणि गणपतीपुढे जोडते तसे हात जोडले. मला राहवेना. तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं, फोनमधला फोटो काढला. उन्हात हसणारा, डावा डोळा मिटलेला.

"हे बघ, सोन्या. हे बाबा. असे होते ते."

तिने फोटो पाहिला. मग माझ्या कडेवरूनच मान वाकडी करून ओटीकडे डोकावली. आप्पा विचारत होते, "तिकडं जेवतोस ना रे पोटभर?"

"आई," सानिका म्हणाली, "मग आप्पा कोणाशी बोलतायत?"