फुली कोणी सरकवली

पालिकेच्या माणसांनी फुटपाथवर पांढऱ्या रंगाची फुली मारली होती ती रिंट्सच्या दारासमोर. सोमवारी वित्स्के पाव आणायला बाहेर पडली, तर ती फुली घासून पुसलेली आणि तशीच एक ताजी फुली तिच्या स्वतःच्या खिडकीखाली. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

कालव्यापलीकडे नवी घरं उठत होती. माणसं वाढली, कचरा वाढला, आणि पालिकेनं ठरवलं की आता घरोघरचे डबे बंद. त्याऐवजी प्रत्येक गल्लीत जमिनीत पुरलेली मोठी टाकी, वर तिचं पोलादी तोंड, आणि ती उचलून रिकामी करायला क्रेनची गाडी. फुली मारली होती ती या टाकीच्या जागेची. टाकी सगळ्यांनाच हवी होती. फक्त ती जवळ असावी आणि दिसू नये, एवढीच काय ती प्रत्येकाची माफक अपेक्षा.

रिंट्स गल्लीच्या समितीवर होता, पण वित्स्केला खटकत होते ते त्याचे पडदे. या गावात पडदे असतात ते शोभेला. भर दिवसा ते ओढून घेणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, हे वित्स्के आईच्या मांडीवर शिकली होती. आणि रिंट्सचे पडदे तर गेले कित्येक दिवस बंदच. वर मागच्या दाराला कडी. रिंट्सची बायको हिल्त्ये ही तिची जन्माची मैत्रीण. रोज सकाळी मागच्या दारानं आत शिरायचं आणि कॉफी प्यायची, हा दोघींचा तरुणपणापासूनचा शिरस्ता. आता दार वाजवलं की रिंट्स फटीतून म्हणायचा, "हिल्त्येला सर्दी झालीय."

"सर्दी इतके दिवस?"

"जोराची आहे," म्हणून तो दार लावून घ्यायचा.

"अगं, सर्दी कसली," शेजारची गेर्दा म्हणाली. "तुला तोंड कसं दाखवणार ती? कुठंतरी पाणी मुरतंय खास."

टाकीचं वित्स्केनं सोसलं असतं. पण यात हिल्त्येही सामील असेल, तर ती इतक्या वर्षांची कॉफी खोटी, आणि हिल्त्येखेरीज आता तिला होतं तरी कोण? नवरा गेल्यापासून दिवसाकाठी ती बोलायची ती हिल्त्येशीच. या विचारानं ती रात्र रात्र तळमळत होती.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पालिकेची तरुण अधिकारीण नकाशा दाखवत म्हणाली, "काही तांत्रिक कारणांमुळे जागा थोडी बदललीय."

वित्स्के उभी राहिली. "तुमचं तांत्रिक कारण तिथं तिसऱ्या रांगेत बसलंय, बाई." लोक हसले, तसा तिला आणखी चेव चढला. "पडद्याआड काय खलबतं चालतात ते त्यालाच विचारा. आणि बायकोला म्हणे सर्दी. माझ्या दारात कचरा ढकलला दोघांनी मिळून, आणि आता लाजेनं कड्या लावून बसलीत."

रिंट्स सावकाश उठला. "फुली मीच हलवायला लावली," तो म्हणाला.

हॉलमध्ये कुजबुज झाली. वित्स्केला क्षणभर इतकं बरं वाटलं की तिनं मागं वळून गेर्दाकडे पाहिलं.

"क्रेननं टाकी उचलली की पुढची भिंत हादरते," रिंट्स म्हणाला. "आमचा पलंग खाली आणलाय."

इथं माणसं वरच्या मजल्यावर झोपतात. पलंग खाली बैठकीत आला म्हणजे ते माणूस आता जिना चढणार नाही आणि दवाखान्यातही जाणार नाही, हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. वित्स्के मटकन खाली बसली. पुढं सभेत काय झालं ते तिला ऐकूच आलं नाही.

बाहेर सायकलींपाशी तिनं रिंट्सला गाठलं. "मला का नाही सांगितलंस रे?"

"तिनंच सांगू दिलं नाही. म्हणाली, वित्स्केला कळलं की ती रडणार, मग मलाही रडावं लागणार. थोडे दिवस नुसती सर्दीच असू दे." त्यानं सायकलचं कुलूप काढलं. "चल आता. तुझ्याबद्दल रोज विचारते."

हिल्त्ये पलंगावर लहान मुलीएवढी दिसत होती. वित्स्केला पाहून ती हसली. "शेवटी फोडलंन म्हणायचं यानं. बरं, कुठं बसवतायत ती टाकी?"

"माझ्या दारात."

"आणि तू सभेत गप्प बसलीस?" हिल्त्येला बोलताना धाप लागत होती. "ते माझ्यापायी झालं बाई. मला सारखी भीती, तुझ्या मनात आमच्याबद्दल काही वेडंवाकडं येतंय की काय."

पाठीमागं रिंट्स कोट काढत होता.

"चकार शब्द बोलली नाही ती," तो म्हणाला. "शहाण्यासारखी बसून होती."

"वाटलंच मला," म्हणत हिल्त्येनं तिचा हात हातात घेतला. वित्स्केला तो हात सोडवेना आणि धरवेनाही.