थंड होईपर्यंत

"मेला! मेला परत!" आतल्या खोलीतून ठकी ओरडली आणि काका उठून गॅस पेटवायला गेले.

मेलं कोणीच नव्हतं. ठकीचा गेम खेळायचा कॉम्प्युटर ऐन लढाईत तापून आपोआप बंद पडला होता, रोज संध्याकाळी पडायचा तसा. थंड झाल्याशिवाय तो पुन्हा चालू व्हायचा नाही. म्हणजे आता ठकी हेडफोन गळ्यात लटकवून बाहेर येणार, ओट्याला टेकून उभी राहणार आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत बोलणार. काकांच्या अख्ख्या दिवसात बोलण्याचा वेळ एवढाच. सकाळी ती ऑफिसला पळायची, आल्यावर खोलीचं दार लावून घ्यायची. नवऱ्याचं घर सोडून आल्याला वर्ष होत आलं, पण त्याबद्दल तिने बापाला चार वाक्यं सांगितली असतील तर शपथ. आई असती तर तिने खोदून खोदून काढलं असतं. आई नव्हती, आणि काकांना तसलं खोदणं जमत नव्हतं.

काका म्हणजे ठकीचे वडील, पण अख्ख्या इमारतीचे फ्रीजवाले काका. जन्मभर त्यांनी लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. साहजिकच ठकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "बाबा, तुम्ही एकदा बघा ना."

"फ्रीज वेगळा, हे वेगळं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

हे चक्क खोटं होतं. त्याआधीच, ती आंघोळीला गेली असताना, त्यांनी कॉम्प्युटरच्या त्या पेटीच्या मागे हात धरून पाहिला होता. आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि हाताला वारा म्हणून लागत नव्हता. पुढच्या जाळीवर धुळीचा थर, खाली गालिचा, मागे पडदा. फ्रीजच्या मागच्या जाळीत धूळ बसली आणि फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला की तोही असाच धापा टाकतो. ही तक्रार तर ते ब्रशने मिटवत आले होते.

धंद्यात त्यांना एका जातीच्या कारागिरांची भारी चीड होती. थोडा बिघाड मुद्दाम शिल्लक ठेवायचा, म्हणजे पुन्हा बोलावणं येतं. अशा एका सोबत्याशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. आता म्हातारपणी स्वतःच्या घरात ते तेच करत होते. तो पैशासाठी करायचा, आपण दोन शब्दांसाठी करतो, अशी ते मनाची समजूत घालत. मन काही तेवढं भोळं नव्हतं.

मध्यंतरी ऑफिसात कुणीतरी सांगितलं म्हणून ठकीने पेटीचं बाजूचं झाकण काढून ठेवलं. त्या संध्याकाळी यंत्र बंदच पडलं नाही. काकांनी चहा केला, गार झाला, पुन्हा उकळला आणि शेवटी मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर त्यांनी झाकण परत बसवलं आणि स्क्रू चांगले आवळले.

"उघडं ठेवू नये गं. शॉक बसेल, धूळ जाईल."

धूळ जाईल म्हणताना त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं होतं.

आज मात्र ठकी बाहेर आली ती ओट्याला टेकली नाही. सरळ खुर्चीत बसली आणि कपाकडे बघत राहिली.

"साखर कमी झाली का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

"रविवारी स्पर्धा आहे आमची. माझ्या जागी दुसरीला घेणार म्हणतात."

"का बरं?"

"का म्हणजे? माझं काम जखमी झालेल्यांना जिवंत ठेवायचं. मीच मधेच गायब झाले की सगळे पटापट मरतात. या आठवड्यात आज चौथ्यांदा. कुणी ओरडलं नाही माझ्यावर. ओरडले असते तर बरं झालं असतं."

"अगं, खेळच तर आहे."

"हो, खेळच आहे." ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "बाबा, सातला पाच मिनिटं उशीर झाला ना, तर ते चौघं सुरूच करत नाहीत. थांबतात. तिथं माझी कुणीतरी वाट बघतं. आणि नवरा काय करतो, परत कधी जाणार, असं एकानेही अजून विचारलेलं नाही."

मीही बघतो गं वाट, रोज बघतो, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी बशी पुसायला घेतली. ठकी उठली, पेटीला हात लावून आली आणि म्हणाली, "झाला थंड," आणि दार लागलं. त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही.

सकाळी ती गेल्याबरोबर त्यांनी कपाटावरची हत्यारांची पिशवी खाली काढली. झाकण उघडलं आणि आतलं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. मुख्य चिपवर उष्णता खेचून घ्यायला पत्र्यांचा ठोकळा असतो. त्याच्या फटींत धूळ अशी गच्च बसली होती की चिमट्याने धरून ओढली तर लोकरीच्या नमद्यासारखी अख्खी निघाली. ठोकळ्याखाली उष्णता पोचवायला लावलेली पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती खरवडून काढली आणि बाजारातून नवी नळी आणून मोहरीएवढी लावली. पंख्याचं एकेक पातं पुसलं. पेटी गालिच्यावरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवली, पडदा दोरीने बाजूला बांधला. ऊन गॅलरीत आलं तेव्हा कुठे त्यांची पाठ सरळ झाली.

पण चालवून बघितल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. विजेचं बिल भरता यावं म्हणून ठकीने पासवर्ड दिलेला होता. त्यांनी गेम उघडला. स्क्रीनवर एक पांढऱ्या झग्यातली बाई एका चौकात उभी होती. ही आपली ठकी, हे त्यांना हातातल्या औषधाच्या झोळीवरून कळलं. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते ठाऊक नसल्याने त्यांनी कशालाच हात लावला नाही. एक हात पेटीच्या मागे धरून ते नुसते बसून राहिले. वारा येत होता, कोमट आणि मोकळा.

बऱ्याच वेळाने चौकात एक ढालवाला आला आणि तिच्यासमोर थांबला. खाली अक्षरं उमटली: "ताई, आज दुपारीच? बरं वाटत नाहीये का? सुट्टी घेतलीस?"

काका दचकले. खरं तर गुपचूप बंद करून टाकायला हवं होतं. पण विचारणाऱ्याला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं: "मी तिचे वडील. मशीन दुरुस्त केलं आहे. आता बंद पडणार नाही. माझी हमी. रविवारी तिलाच घ्या."

"नमस्कार काका! काय सांगता! घेणार म्हणजे काय, तिच्याशिवाय कोण वाचवणार आम्हाला?" आणि तो ढालवाला तिथल्या तिथे उड्या मारून नाचायला लागला. काकांना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. एवढी आपुलकीची माणसं, आणि त्यांच्यापासून आपण पोरीला रोज ओढून बाहेर काढत होतो.

संध्याकाळी ठकी आली, खोलीत गेली, हेडफोन गळ्यात अडकवला आणि स्टुलावरची पेटी बघून तशीच बाहेर आली.

"कुणाला बोलावलं होतंत?"

"कुणाला नाही. मीच केलं."

"पण तुम्हाला तर ओ की ठो कळत नव्हतं."

यूट्यूबवर बघितलं, असं सांगायचं त्यांनी दुपारभर घोकून ठेवलं होतं. पण ते बाहेर पडेना.

"कळत होतं. पहिल्या आठवड्यापासून कळत होतं. झाकणही मी त्याचसाठी बसवलं."

"म्हणजे?" तिचा चेहरा लाल झाला. "बाबा, त्यांनी मला काढलं असतं! का पण?"

"बंद पडलं की तू बाहेर यायचीस."



"मग मला हाक मारायची ना नुसती," ठकी म्हणाली.

"मारली होती. सुरुवातीला बरेचदा मारली. तुझ्या कानावर ते असतं."

तिने गळ्यातला हेडफोन उगाच हातात घेतला. नेमका तेव्हाच आतून टुंग टुंग असा आवाज येऊ लागला.

"सात वाजले," काका म्हणाले. "जा. खोळंबले असतील."

"आपण नंतर बोलू, बाबा."

"हो, बोलू की. जा तू."

दार लागलं. काका स्वयंपाकघरात येऊन बसले. एरवी ज्या सुमाराला ओरडा व्हायचा तो सुमार निघून गेला. बाहेर अंधार पडला. त्यांनी आपल्यापुरतं वाढून घेतलं, दोन घास खाल्ले, आणि तेवढ्यात आतून ठकीच्या हसण्याचा आवाज आला. मोठ्याने, अगदी श्वास लागेपर्यंत हसत होती ती. लग्नाआधी अशी हसायची. परत आल्यापासून एकदाही नाही.

काका घास हातात धरून कान देऊन बसले. डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं. ते उठले, पंखा बंद केला, आणि मानेवरचा घाम पुसत तिथेच बसून राहिले.