पाण्यातला खुळखुळा

"गुरुजी, कावळा येत नाहीये हो. बदकं आहेत. मोठी, जंगली. ती शिवली तर चालेल का?"

गिरीश मोबाइल स्पीकरवर टाकून तळ्याच्या काठी उभा होता, पायात बूट तसेच. समोर कागदी प्लेटमध्ये दहाव्याचा पिंड, वर दही, तीळ. बदकं माना उंच करून भाताकडे बघत होती. आश्लेषा, गिरीशची बायको, त्यांना पर्सनं हाकलत होती. ज्याचा दहावा होता त्या शैलेंद्रची बायको लता आणि दहा वर्षांची अबोली मागे उभ्या होत्या. मुलगा नाही म्हणून पिंड मित्रानं ठेवायचा. बायकोनं ठेवला तर काय होतं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तळं कसलं, अपार्टमेंटच्या मागे पावसाचं पाणी साठवायला बिल्डरनं खणलेला खड्डा. कमरेएवढं पाणी, आणि तळापासून वर आलेलं गच्च पाणगवत. अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या देशी दुकानांपासून गाडीनं वीस मिनिटांवर. याच काठावर शैलेंद्र मेला होता.

"कावळा आहे का जवळपास?" नागपूरहून गुरुजींनी विचारलं.

"आहे ना, दिव्याच्या खांबावर. बघतोय, पण खाली येत नाही."

"मग इच्छा राहिली असेल काही. शब्द द्या त्यांना. मोठ्यानं बोला."

गिरीश घसा खाकरून पाण्याकडे वळला. "शैल्या, टेन्शन घेऊ नको यार. वहिनींचं, अबोलीचं सगळं आम्ही बघतो."

"हो, शैलेंद्र," आश्लेषा म्हणाली. "हे व्हिसाचे पेपर्स-बिपर्स होईपर्यंत लता आणि अबोली आमच्याकडे राहतील. नंतर लताला जावं लागलं तरी अबोलीची शाळा मोडणार नाही. प्रॉमिस."

कावळ्यानं मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि तो पिझ्झावाल्याच्या कचरापेटीकडे उडून गेला.

"मग दर्भाचा कावळा करा," गुरुजी म्हणाले. "दर्भ नसेल तर जे गवत असेल ते घ्या."

गिरीशनं काठचं गवत उपटलं, गाठ मारली, पुढे चोच काढली. तो पुतळा त्यानं पिंडाला टेकवला आणि म्हणाला, "शिवला! झालं, वहिनी."

तेवढ्यात तळ्याच्या मधून आवाज आला. खुळखुळ. खुळखुळखुळ. पत्र्याच्या डबीत छर्रे हलवावेत तसा. बदकं एकदम गप्प झाली आणि पाण्यापासून लांब सरकली.

"काय वाजलं?" आश्लेषानं विचारलं.

"पाइप असेल," गिरीश म्हणाला. "चला, सगळ्यांनी मागं वळून न बघता जायचं असतं."

लतानं वळून बघितलं. अबोलीनंही.

दोघींना तो आवाज ओळखीचा होता. शैलेंद्र सॉफ्टवेअर टेस्टर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी त्या सांगितल्याबद्दल बोलणी खायची. मग तो गळाची काठी घेऊन तळ्यावर यायचा, बास मासे धरायला. त्याचं आमिष एकच होतं. बोटाएवढा चपटा, लाल प्लॅस्टिकचा मासा, पोटात छर्रे, खाली तीन-तोंडी हुकांची जोडी. बाकीच्या असल्या माशांना पाण्यात खोल जायला पुढे जिभेसारखी पट्टी असते. याला नव्हती, म्हणून तो उथळ पाण्यात गवताच्या शेंड्यांना घासत वाजत यायचा.

"मुद्दाम अडकू द्यायचा," शैलेंद्र सांगायचा. "अडकला की खस्सकन झटका. गवत फाडून सुटला रे सुटला, की बास घेतो. अडकलेल्याला कोणी खात नाही, लता. सुटून पळणाऱ्याला खातात."

"अन् स्वतः खाणार नाही, सोडून देणार," लता काठच्या बाकावरून म्हणायची. "मग छळता काहून त्यांना?"

"छळत नाही गं. कोणीतरी माझ्या दोराच्या टोकाला येतंय, एवढंच बघतो."

तो गेला त्या संध्याकाळी टोकाला मोठा मासा आला होता. बराच वेळ झुंजला आणि दोर तोडून गेला, तोंडात लाल आमिष तसंच घेऊन. शैलेंद्र बाकावर बसला. लता चहाला हाक मारायला आली तेव्हा गळ त्याच्या मांडीवर आडवा होता, तुटलेला दोर वाऱ्यावर हलत होता आणि ओठ निळे पडले होते. नागपूरला आठ वर्षं आयसीयूत नर्स होती ती. छाती दाबत राहिली, हात भरून आले तरी. तिला माहीत होतं, उशीर झालाय.

या देशात तिला नर्स व्हायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेली बायको. तिनं पोळ्या कराव्यात, मंडळाच्या गणपतीत मोदक करावेत, कमवायचं नाही. नवरा मेला की तिचं इथलं असणंही संपलं. कंपनीनं फुलं पाठवली आणि त्याच आठवड्यात हे कळवलं. अबोली इथं जन्मली, म्हणून ती अमेरिकन. लेक या देशाची, आणि आई सामानासारखी परत पाठवायची. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना रात्री झोप छान लागत असणार.

आवाज रोज यायचा. उन्हं कलली, वारा पडला, की गवतातून खुळखुळ. एकदा डावीकडून, एकदा थेट बाकासमोरून. अबोली खिडकीशी बसून राहायची.

"दॅट्स बाबा."

"मासा आहे तो. तुझ्या बाबाचं आमिष तोंडात अडकलंय त्याच्या."

"देन व्हाय डझ ही कम टु द बेंच?"

लतानं खिडकी लावून घेतली.

तिनं आश्लेषाला फोन लावला. पेपर्स झाले नव्हते, होणारही नव्हते. पण निदान शाळेचं वर्ष संपेपर्यंत अबोली तिथं राहिली असती.

"अगं, मी तुला करणारच होते कॉल! आमचं बेसमेंट सगळं उकरून ठेवलंय. आणि परक्याची मुलगी म्हणजे रिस्पॉन्सिबिलिटी असते ना गं. गिरीश म्हणतो, मुलीनं आईजवळच असावं."

"पिंडापुढं बोलल्या होत्या तुम्ही."

"ते विधीचं बोलणं असतं, लता."

तिकिटं काढावी लागली. बॅगा भरल्या. अबोलीनं आपली बॅग दोनदा रिकामी केली. "आय'म नॉट गोइंग. ही इज स्टिल हिअर. आय कॅन हिअर हिम." पोरगी हट्टानं बोलत नव्हती. घाबरूनही बोलत नव्हती. म्हणूनच लतानं ती बॅग पुन्हा भरली नाही. नेलं असतं ओढत तिनं. पण या पोरीचा जीव या खड्ड्यात राहिला असता.

निघायच्या दिवशी पहाटे लता शैलेंद्रचा गळ घेऊन खाली उतरली. त्याच्या डबीतलं दुसरं आमिष तिनं लावलं, तसंच छर्ऱ्याचं, रुपेरी. खिशात नागपूरहून आणलेला आर्टरी फोर्सेप, ऑपरेशनचा चिमटा. पाण्यावर धुकं साचलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. तिनं फेकलं, ओढलं. तिचं खुळखुळ थांबलं, आणि धुक्यातून उत्तर आलं. खुळखुळ.

तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा उत्तर, या वेळी जवळून.

मग आमिष गवतात अडकलं. तिनं झटका मारला. गवत फाटलं आणि दोर तिच्या हातून कुणीतरी खेचावा तसा ताठ झाला.

मासा काठाशी आला तो वाजत आला. दोन आमिषं, दोन आवाज. जबड्याच्या कोपऱ्यात लाल आमिष, हुकाभोवती गुलाबी मांस भरत आलेलं. एक डोळा लताकडे.

"आई?" अबोली नाइटड्रेसमध्येच मागे उभी होती.

"हात ओले कर अन् धर. दाबू नको."

अबोलीनं धरलं. लतानं फोर्सेपनं आधी रुपेरी हूक काढला. मग लाल, एकेक टोक, टाके काढावेत तसं. मासा हलला नाही. अबोलीनं त्याला पाण्यात सोडलं तरी तो गेला नाही. त्यांच्या पायांपुढे, गवताच्या फटीत, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. कल्ले उघडत होते, मिटत होते. एक बदक ओरडलं, दोघींनी मान वळवली, आणि परत बघितलं तर नुसतं पाणी होतं.

"इज ही ओके नाउ?"

"माहीत नाही, बाळा," लता म्हणाली. "सुटला."

काठावर गवताचा कावळा अजून पडलेला होता, वाळून पिवळा झालेला. अबोली त्याला ओलांडून वर गेली आणि बॅग भरू लागली.

एअरपोर्टला सोडायला गिरीश आला. हा एकच शब्द त्यानं पाळला, कारण हा दिलेला नव्हता. लतानं लाल आमिषाचे हूक काढून टाकले होते. वाजू नये म्हणून शैलेंद्रच्या मोज्यात घट्ट गुंडाळून, वर रबर लावून, ते अबोलीच्या बॅगेत तळाशी ठेवलं होतं.

गाडी हायवेला लागली. गिरीश बेसमेंटबद्दल काहीतरी सांगत होता, ते मधेच थांबलं.

"वहिनी, मागं काय वाजतंय?"

लतानं ऐकलं. रस्ता गुळगुळीत होता.

"पाइप असेल, भाऊजी," ती म्हणाली.

गिरीशनं आरशात बघितलं नाही. मागच्या सीटवर अबोलीनं डोळे न उघडता बॅगेवर पाय ठेवला, आणि आवाज थांबला.