हाताची खेप

संकेतने ऐन वेळी शब्द फिरवला. पण ते जाऊ दे. तसं काही घडलंच नाही असं धरून चालू. कारण रिचेल अजून भुयारी मेट्रोच्या केबिनमध्ये बसून रुमालाने हँडल पुसत होती, आणि तिचा त्या शब्दावर पूर्ण विश्वास होता.

केबिनच्या बंद दारापलीकडे, पहिल्या डब्यात, अर्धं भुईगाव बसलं होतं. वडील पीटर, प्रिस्का मावशी आणि नात्याने नक्की कोण लागतात हे कुणी कधी नीट न सांगितलेली बरीच माणसं. चर्चमधली पहाटेची मिसा आटोपून सगळे निघाले होते. मावशीने गाडीवर शिंपडायला पवित्र पाण्याची बाटली आणली होती. तपासणीला रक्षकाने एक घोट पिऊन दाखवायला सांगितलं. मावशीने पिऊन दाखवलं आणि उरलेलं त्याच्यावरच शिंपडलं. गाडी तशीच राहिली.

अडचण एवढीच होती की ही गाडी रिचेल चालवत नसे. कुणीच चालवत नसे. किती वेगाने जायचं, कुठे थांबायचं हे सिग्नल यंत्रणा गाडीला कळवायची आणि गाडी निमूट ऐकायची. भुईगावातलं एकही पोर कुणाचं इतकं ऐकत नाही. रिचेलने दारं लावायची, दोन बटणं दाबायची आणि पुढे बघत राहायचं. चालकांच्या हाताची सवय मोडू नये म्हणून अधूनमधून एखादी खेप हाताने चालवायला मिळे, पण परवानगी कंट्रोल रूमची. तिथे आज संकेत होता. तुळिंजचा, प्रशिक्षणात रोज तिच्या डब्यातले मैद्याचे तळलेले फुगे खाऊन पास झालेला. मागच्या महिन्यात तिने हाताची खेप केली तेव्हा तो रेडिओवर "झकास" म्हणाला होता. आजच्या खेपेचा शब्दही त्याने छातीवर हात ठेवून दिला होता.

गावात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. पीटरला तर नाहीच. त्याने जन्मभर केळ्यांचा टेम्पो दादरला नेला होता आणि त्याच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते: हात असलेली आणि हात नसलेली. रिचेलला त्याने भुईगावच्या गल्ल्यांतून टेम्पो शिकवला, तो मागे अंड्यांचा ट्रे ठेवून. फुटतील त्या अंड्यांचं ऑम्लेट तिने खायचं. त्या वर्षी तिने बरंच ऑम्लेट खाल्लं. तिला हात आहे असं मात्र तो एकदाही म्हणाला नाही. तेवढं एक वाक्य ऐकायला तिने आज सगळ्या गोतावळ्याला बोलावलं होतं.

तिने रेडिओचं बटण दाबलं.

"कंट्रोल, ही खेप हाताने चालवायची परवानगी हवी."



"नाही. ऑटोमध्येच ठेव."

"संकेत, आपलं ठरलं होतं."

"ऑटोमध्येच ठेव, रिचेल. लाइनवर सगळं रेकॉर्ड होतं."

तिने दारं लावली आणि दोन बटणं दाबली. गाडी निघाली. लग्नात केक कापताना मागून कुणीतरी काकी उगाच नवरीच्या मनगटाला बोट लावते, तसा रिचेलने हँडलला हात लावून ठेवला. एकेक स्टेशन आलं. प्रत्येक ठिकाणी गाडीचं दार फलाटाच्या काचेच्या दारासमोर नेमकं येऊन थांबलं. दरवेळी पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. दरवेळी तिने हँडल आणखी घट्ट धरलं.

शेवटच्या स्टेशनवर ती उतरली. परतीसाठी दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायचं होतं. सगळे तिच्यासोबत फलाटावरून निघाले. मावशी पुढे जाऊन अनोळखी लोकांना भाचीची ओळख करून देत होती. पीटर मुद्दाम मागे रेंगाळला आणि लेकीच्या जोडीने चालू लागला.

"पोटातलं पानी हललं नाय," तो म्हणाला. "हात आहे तुला."

रिचेलने खांद्यावरची पट्टी सारखी केली. ती सारखीच होती.

"मागच्या महिन्यात आलतो मी एकटा," पीटर सांगू लागला. "तुला बोललो नाय. त्या संकेतला फोन करून तुझी गाडी विचारली नि बसलो. थांबताना असा हिसका दिला, समोरच्या बाईचा मोबाइल माझ्या मांडीवर. उतरलो नि परत त्याला फोन लावला. म्हटलं, ही आमची पोरगी नाय."

"तो काय म्हणाला?"

"बोलला, काका, तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात. तो दुसराच कोणीतरी, नवशिका. मी म्हटलं, बाबा रे, आमची माणसं येतील त्या दिवशी त्याला हँडलला हात लावू देऊ नको. शब्द दिला त्याने." पीटर समाधानाने हसला. "आणि पाळला. चांगला पोरगा आहे."

रिचेल चालत राहिली. केबिन आली तशी आत गेली, दार लावलं, बसली. हँडल पुसायला रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला. पलीकडे पीटर सगळ्यांना दाराजवळच्या जागा धरायला सांगत होता.

तिने रेडिओचं बटण दाबलं. लाइनवर सगळं रेकॉर्ड होत होतं.

"कंट्रोल, परतीच्या खेपेबाबत अर्ज आहे," ती नोटीस वाचावी तशा आवाजात म्हणाली. "माझे वडील पहिल्या डब्यात बसलेले आहेत. तरी पुढील स्टेशनात यंत्रणेने गाडी हातभर पुढे थांबवावी आणि थांबवताना एक हिसका द्यावा. कारण, चालक कोण आहे हे सदर प्रवाशास ओळखता यावे. योग्य ती मंजुरी तातडीने मिळावी, ही नम्र विनंती."