लाल झाकणाखालचा न्यूट

मित्रांनो, मी फॉर्मलिनमध्ये मुरलेला एक जुना न्यूट आहे, म्हणजे दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाचा भाऊबंद. दार्जिलिंगकडच्या एका तळ्यात माझा जन्म झाला आणि जळगावच्या एका कॉलेजच्या बरणीत माझे करिअर झाले. मधल्या काळात मी मेलो, पण त्याची दखल कोणी घेतली नाही.

शेजारच्या बरणीत विलायती सॅलमँडर होता. प्रत्येक न्यूट हा सॅलमँडरच असतो, पण प्रत्येक सॅलमँडर न्यूट नसतो. माझे अंग खरखरीत आणि शेपटी वल्ह्यासारखी चपटी, कारण आमची वीण पाण्यात, म्हणजे पोहणे आलेच. त्याचे अंग गुळगुळीत, शेपटी गाजरासारखी गोल. बघणाऱ्याला फरक दिसतो. बघायला सवड मात्र कोणालाच नव्हती. पोरांनी सोपी युक्ती काढली होती: हिरवे झाकण न्यूट, लाल झाकण सॅलमँडर. या युक्तीवर कितीतरी पदवीधर झाले.

एकोणनव्वद साली प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी शिपाई चिंधानानांनी आमचे फॉर्मलिन बदलले आणि झाकणे उलटसुलट बसवली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या मते आम्ही "दोन्ही पालीच शेतस."

दुसऱ्या दिवशी पोरे लांबूनच लाल झाकण बघत आणि 'सॅलमँडर' लिहून पुढे सरकत. पहूरची कुंदा तेवढी वाकली. गावच्या शाळेने विज्ञानशिक्षिकेची जागा तिच्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवली होती. फक्त पास व्हायचे बाकी होते. तिने माझी शेपटी नीट पाहिली आणि 'न्यूट' लिहिले. इतक्या वर्षांत मला माझ्या नावाने ओळखणारी ती पहिलीच.

तोंडी परीक्षेला विभागप्रमुख रुपचंद सर बसले होते.

"कुंदा, लाल झाकण दिसलं नाही का?"

"दिसलं सर. पण शेपटी चपटी आहे. हा न्यूट."

"सगळा वर्ग सॅलमँडर म्हणतो आणि तू एकटीच शहाणी?"

"सर, न्यूटपण सॅलमँडरच. जसं प्रत्येक केळं फळ असतं, पण—"

"केळी विकायची तर बाजारात बस! इथं शेपट्या बघायला आलीस की परीक्षा द्यायला?"

बाहेरगावचे परीक्षक भरीत-पुरीच्या गुंगीत मंद हसले. उलट बोलल्याबद्दल तिचे इतके गुण कापले गेले की ती प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली.

सगळे गेल्यावर रुपचंद सर माझ्याकडे आले. त्यांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ माझी शेपटी न्याहाळली. आपली चूक कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी काचेतून पाहिले. गुणांचा कागद अजून त्यांच्याच खिशात होता. मला वाटले, आता तो कागद बाहेर निघेल. सरांनी दाराकडे एकदा पाहिले, दोन्ही झाकणे फिरवून काढली आणि अदलाबदल करून बसवली. मग रुमालाला हात पुसून ते घरी गेले.

जूनमध्ये पहूरच्या त्या शाळेत कुंदाच्याच वर्गातला वाल्मीक रुजू झाला. मुलगा चांगला आहे. त्याने 'सॅलमँडर' लिहिले होते. कुंदा पुन्हा या खोलीत आली नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी 'आमची निगा राखा' म्हणायची रीत आहे. माझी निगा उत्तम चालली आहे, फॉर्मलिन वेळेवर मिळते. मेलेल्यांच्या बाबतीत आपण कुठे कमी पडत नाही. जमलेच तर वाकून बघणाऱ्या एखाद्या पोरीला सांभाळा. तिला बरणीत ठेवता येत नाही.