मुका झालेला डबल बास

मी एक जुना डबल बास आहे. हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल, पण त्यात तुमचा दोष नाही. व्हायोलिन तुम्हाला ठाऊक आहे. ते वाढत वाढत माणसाहून उंच आणि कपाटाएवढे रुंद झाले, हनुवटीखाली मावेना म्हणून शेवटी जमिनीवर उभे केले, की माझ्यासारखे दिसते. माझा आवाज सर्वांत खालचा. मैफलीत माझ्याकडे कोणी बघत नाही, पण मी थांबलो की बाकीचे चाचपडू लागतात. मित्रांनो, ही बढाई नाही. पुढची गोष्ट कळावी म्हणून सांगतो आहे.

मला दोन भावांनी घडवले. त्यांचे आपसांत पटत नसे. थोरल्याने माझी पाठ कोरली, धाकट्याने पोट कोरले, आणि दोन्ही भाग चिकटवायचा दिवस ठरवायला त्यांच्या बहिणीला मध्ये पडावे लागले. त्यानंतर दोन वर्षे मी दुकानाच्या कोपऱ्यात उभा होतो. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "हा जिन्यातून वर न्यायचा कसा?"

माझा वादक आला तेव्हा त्याने हा प्रश्न विचारला नाही. तो बुटका होता. माझ्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हता. त्याने माझ्या पाठीला कान लावला, एक तार छेडली आणि ती पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. मी त्याच क्षणी त्याचा झालो.

आम्ही छत्तीस वर्षे एकत्र काढली. दिवसा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वाद्यवृंदात गंभीर चेहऱ्याने, संध्याकाळी हॉटेलातल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये मान डोलवत. शास्त्रीयवाले बँडचे नाव काढले की नाक मुरडायचे. बँडवाले आम्हाला 'प्रोफेसर' म्हणून चिडवायचे. आम्ही दोन्हीकडे मनापासून वाजवले.

त्याची मुलगी मोठी होऊन उत्तम व्हायोलिन वाजवू लागली. तिने स्वतःचा छोटा वाद्यवृंद उभा केला: व्हायोलिने, माझ्याहून लहान चेलो आणि मी धरून चौदा तंतुवाद्ये, एक सॅक्सोफोन आणि एक ड्रमवाला. जुन्या शास्त्रीय रचनांत जॅझ, लोकगीते, नाचाचे ठेके मिसळायचे, ही तिची कल्पना. तालीम चालायची शिवणकामाच्या कारखान्यावरच्या हॉलमध्ये. खाली यंत्रे सुरू झाली की माझ्या तारा आपोआप थरथरायच्या. मुलीने सगळ्यांत आधी वडिलांना बोलावले होते, आणि ते बरोबरच होते. स्वरलिपीच्या कागदाला चिकटून वाजवणाऱ्या त्या शहाण्यांना ठेका शिकवला तो त्यानेच.

"लिहिलंय तेच वाजवा," तो म्हणायचा, "फक्त घाई नाही असं वाजवा." सगळे त्याला काका म्हणू लागले.

मग एका उघड्या मैदानावरचा कार्यक्रम आला. तिथे मला माइक लावला, आणि स्पीकर असे किंचाळले की पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले. साउंडवाला वैतागून म्हणाला, "पोटात काहीतरी कोंबा याच्या, मग गप्प बसेल." काका कोट बदलायला गेले होते. मुलीने सॅक्सोफोनच्या पेटीतला काळा स्पंज घेतला, त्याची गुंडाळी केली आणि आवाज बाहेर पडण्यासाठी माझ्या पोटावर कोरलेल्या चिरेतून व्हायोलिनच्या गजाच्या टोकाने आत ढकलली. ती पूर्ण आत घसरली आणि पाठ व पोट यांच्यामध्ये घट्ट अडकून बसली.

"नंतर आठवणीने काढा हं," साउंडवाला म्हणाला.

"हो हो," ती म्हणाली.

कार्यक्रम गाजला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, दुसऱ्या गावची बस पकडायची होती. ती विसरली.

त्यानंतर आठ महिने आम्ही तालमीतही माइकवरच वाजवले. तारांजवळ लावलेल्या माइकमधून आवाज थेट स्पीकरला जायचा, त्यामुळे माझ्या पोटात काय आहे हे कोणाला कळायचे कारण नव्हते. काकांचे गुडघे दुखत म्हणून मी हॉलवरच राहायचो. "आज जरा जड वाटतोय," असे ते एकदा म्हणाले आणि त्यांनी खुंटी पिळली.

मग मुलीने वडिलांसाठी एक रचना लिहिली. सुरुवातीची तीन मिनिटे फक्त मी. आधी संथ शास्त्रीय सूर, मग हळूहळू त्यातून बँडचा ठेका. कार्यक्रम एका लहान दगडी सभागृहात, माइकशिवाय. "बाबा, ही तुमची छत्तीस वर्षं आहेत," ती म्हणाली. काकांनी चष्मा काढून पुसला. काच मुळीच खराब नव्हती.

माइकशिवायच्या पहिल्या तालमीत माझा आवाज रजईखालून आल्यासारखा आला. काकांनी तारा बदलल्या. गजाला राळ घासली. रोज सकाळी एकटेच येऊन तासन्‌तास वाजवले, बोटांची कातडी फाटली तेव्हा पट्ट्या चिकटवून वाजवले. मी आतून आक्रोश करत होतो, अरे, बॅटरी घे आणि माझ्या पोटात बघ! पण मला जो काही आवाज होता तोच तर कोंडला होता. आणि काकांचा स्वभाव असा, की बस चुकली तर बस लवकर गेली असे त्यांच्या मनात येत नसे, आपलेच घड्याळ मागे असणार असे वाटे. ते स्वतःच्या हाताला तपासत राहिले, मला नाही.

शेवटी ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने वयाप्रमाणे ऐकणे किंचित कमी झाल्याचे लिहून दिले. बस्स. आता सगळ्यांना कारण मिळाले आणि कोणीच आणखी शोधले नाही.

पुढच्या तालमीत मुलीने गज उंचावून सर्वांना थांबवले. "बाबा, मागे काहीच पोचत नाहीये. तुम्ही काय वाजवताय ते तुम्हाला तरी ऐकू येतंय का?"

बाकीची चौदा माणसे आपापल्या वह्यांत बघू लागली.

"तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," काका म्हणाले. "मलाही आता भरवसा वाटत नाही."

"मग ती सुरुवात चेलोला देऊ?"

"दे. कार्यक्रम बिघडायला नको."

त्यांनी मला नेहमीप्रमाणे वरून खालपर्यंत पुसले, खोळ चढवली आणि कठडा धरून जिना उतरले. पुन्हा मला हात लावला नाही. आणि मला खोळीत घालणाऱ्या त्या हातांना मी एक शब्दही सांगू शकलो नाही, याचा राग अजून माझ्या लाकडात आहे.

दीड वर्ष मी मोडक्या खुर्च्यांमागे उभा होतो. मग नवी बासवादक आली. उंच बाई, शाळेत गणित शिकवणारी. माझ्यावर एक सूर वाजवून तिने कपाळाला आठ्या घातल्या, आणि मोबाइलचा उजेड सरळ माझ्या पोटात टाकला. कोणालाही सुचू शकणारी गोष्ट होती.

"अहो, हे आत काय भरलंय?"

वाकवलेल्या तारेने तिने तो स्पंज तुकड्यातुकड्याने ओढून काढला. मग गज ओढला. खिडकीच्या काचा वाजल्या. मी दीड वर्षाने नाही, सव्वादोन वर्षांनी बोललो होतो.

मुलगी समोरच होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटले, आता ही धावत वडिलांकडे जाईल. तिने ते तुकडे गोळा करून पर्समध्ये टाकले आणि म्हणाली, "बाबांना काही बोलू नका. उगाच जिवाला लावून घेतील."

कोणाच्या जिवाला, ते मला चांगले कळले.

गेल्या रविवारी ती रचना लिहिली होती तशी वाजली. काका तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. संपल्यावर ते मंचावर आले आणि त्यांनी गणिताच्या बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. "वाद्य तेच आहे हो. माझ्याकडून बोलेना. शेवटी तसा हात लागतो," ते म्हणाले. बाईंनी मुलीकडे पाहिले. मुलगी दोन पावलांवर गज सैल करत होती. तिने ऐकले. ती गज सैल करत राहिली.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तूंनी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची असते. मला नीट जपतात. रोज पुसतात, माझ्यासाठी नवी खोळही शिवली आहे. मला तुमच्याकडून दुसरे काम हवे आहे. मी बोलतो ते सुरांत, आणि ते सूर आता काकांना दुसऱ्याचे वाटतात. म्हणून तुम्हीच जा. ते प्रत्येक कार्यक्रमाला येतात. तिसऱ्या रांगेत कडेला एक बुटके गृहस्थ गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसलेले दिसतील. त्यांच्या शेजारी बसा आणि सांगा, "काका, तुमचा हात चांगला होता. स्पंज होता आत." जरा मोठ्याने सांगा, आणि लवकर सांगा. आता त्यांना खरोखरच कमी ऐकू येऊ लागले आहे.